गाडी मागून बसते? शॉकअप बदलण्याआधी टेप लावा

आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की गॅरेजवर एकच वाक्य फिरून फिरून ऐकू येतं: "भाऊ, गाडी मांगे बठी जास." मोटारसायकल शंभर सीसीची असो की दीडशेची, गाऱ्हाणं तेच असतं. मागणीही बहुतेक वेळा ठरलेलीच असते, शॉकअप बदलून द्या किंवा पाना मारून स्प्रिंग दाबणारी रिंग शेवटच्या खाचेवर करून द्या. यातलं एखादं काम खरंच लागतं, पण बऱ्याचदा दोन्हीची गरज नसते. मागची उंची नेमकी कुठे हरवते हे टेपनं, म्हणजे मोजपट्टीनं, मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कशावरून ओळखायचं

ओझं लादलं की मागचं मडगार्ड टायरला घासतं आणि रबर तापल्याचा वास येतो. खड्ड्यात मागून लोखंड आपटल्यासारखा आवाज येऊन धक्का थेट कमरेत बसतो. हँडल हलकं लागतं, वळणावर गाडी सावकाश वळते आणि बाहेर जायला बघते. मागचा भाग खाली गेला की पुढचा फोर्क जास्त तिरपा होतो आणि पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, म्हणून असं होतं. रात्री समोरचे लोक डिपर मारत राहतात, कारण तुमचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांत जातो. गतिरोधकावर डबल स्टँड घासतं. साइड स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते.

उलट लक्षणंही लक्षात ठेवा. मागची बाजू गरजेपेक्षा वर असेल तर साइड स्टँडवर गाडी फार कलते, डबल स्टँडवर चाक जमिनीवरून नीट उचललं जात नाही, वेगात हँडल चंचल वाटतं आणि गतिरोधक ओलांडल्यावर मागून 'खट्' असा आवाज येतो. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन वरच्या टोकाला आपटल्याचा तो आवाज आहे. पाना मारून शेवटच्या खाचेवर नेलेल्या गाड्यांत हे हमखास आढळतं.

पैसा न लागणाऱ्या गोष्टी आधी

सगळ्यात आधी ओझं. ४० लिटरच्या कॅनमध्ये दूधच ४१ किलोच्या आसपास भरतं, कॅनचं वजन वेगळं. असे दोन कॅन आणि ७० किलोचा माणूस म्हटलं तर दीडशे किलोच्या वर गेलात. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांची एकूण ओझ्याची मर्यादा साधारण १३० ते १६० किलोच्या दरम्यान असते आणि त्यात चालवणाराही धरलेला असतो. आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो, तो एकदा बघाच. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. मागे एक गोणी आणि एक माणूस बसवला की हिशोब तिथेच संपतो.

वजन किती याइतकंच ते कुठे ठेवलं हेही महत्त्वाचं आहे. मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे ठेवलेलं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं. आसाच्या मागे कॅरिअरवर लटकवलेलं वजन मागचं चाक दाबतं आणि वरून पुढचं चाक उचलतं. केळीचे घड किंवा चाऱ्याचा भारा कॅरिअरच्या टोकाला बांधला की तेवढ्याच किलोत गाडी जास्त बसते, ती यामुळे. ओझं वीतभर पुढे सरकवून आणि खाली बांधून बघा. कितीतरी गाड्या एवढ्यावरच सरळ होतात.

दुसरी गोष्ट चिखल. आपली काळी माती ओली झाली की मडगार्डच्या आतल्या बाजूला थरावर थर बसते आणि वाळली की दगडासारखी होते. पाटचारीच्या कडेच्या वाटेनं रोज जाणाऱ्या गाडीत दोन-तीन बोटांची जागा अशी भरून गेलेली असते. मग टायर मडगार्डला नाही, त्या मातीला घासतो. काठीनं खरवडून, धुऊन बघा. घासणं थांबलं तर उंचीला काही झालेलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट हवा. किती भरायची ते चेन कव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. एकट्यासाठी वेगळी, डबलसीटसाठी वेगळी. आपल्याकडे बरेच जण एकट्याचाच आकडा भरून त्यावर डबलसीट आणि ओझं चालवतात. हवा टायर थंड असताना, शक्यतो सकाळी मोजा. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे ४५ अंशांचं ऊन असतं, तेव्हा दुपारी रस्त्यावरून आल्याबरोबर मोजलेली हवा जास्तच दाखवते आणि प्रत्यक्षात कमी असलेला टायर ठीक वाटतो. कमी हवेमुळे उंची काही मिलीमीटरच जाते, पण मागून डुलल्यासारखं वाटतं आणि माणूस शॉकअपला दोष देतो. हल्लीच टायर बदलला असेल तर त्याच्या बाजूवरचा आकारही वाचा. वेगळ्या आकाराचा टायर बसवला की मागची उंची तिथेच बदललेली असते.

आता टेप

खरी तपासणी ही आहे. लागतं काय, तर मोजपट्टी, खडू आणि मदतीला दोन माणसं. मागच्या आसाच्या नटाचा मध्य धरा. त्याच्या बरोबर वर, सीटखालच्या पत्र्यावर किंवा मागच्या हँडलवर खडूनं खूण करा. सगळी मापं याच दोन बिंदूंमध्ये घ्यायची.

पहिलं माप: गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. डबल स्टँड नसेल तर दोघांनी मागून उचलून धरावी, चाक जमिनीवरून सुटेल इतकीच. दुसरं माप: गाडी दोन्ही चाकांवर सरळ, रिकामी, सीट दोन-तीनदा दाबून सोडायची आणि आपोआप स्थिर होऊ द्यायची. तिसरं माप: रोज जो चालवतो तो बसलेला, पाय फुटरेस्टवर, पुढून कुणीतरी गाडी सरळ धरलेली. रोज ओझं जात असेल तर ते बांधून आणखी एक माप घ्या.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी स्वतःच्या वजनानं किती बसते ते कळतं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की माणसासकट किती बसते ते. साध्या गाड्यांत मागच्या चाकाची एकूण हालचाल ८० ते १०० मिलीमीटरच्या आसपास असते. माणूस बसल्यावर त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग वापरला जावा, म्हणजे साधारण २० ते ३३ मिलीमीटर. रिकामी गाडी १० ते २० मिलीमीटर बसावी. थोडं बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा लागते, नाहीतर टायर रस्ता सोडतो.

समजा मापं आली ५६०, ५४५, ५२८. रिकामी १५ आणि माणसासह ३२ बसते. ही गाडी निरोगी आहे. तरीही ओझ्याखाली घासत असेल तर दोष ओझ्यात शोधा.

समजा आली ५६०, ५२५, ५०५. रिकामीच ३५ बसते, म्हणजे निम्मी चूक माणूस बसण्याआधीच झाली आहे. स्प्रिंग सैल लावलेली आहे किंवा वर्षानुवर्षं दबून आखूड झाली आहे. इथे खाच वाढवून फरक पडतो.

आणि समजा आली ५६०, ५५८, ५०५. रिकामी गाडी दोनच मिलीमीटर बसते आणि माणूस बसला की एकदम ५५. अशा गाडीवर कुणीतरी आधीच पाना शेवटपर्यंत मारलेला असतो. आता पाना मारून काहीही मिळणार नाही, कारण स्प्रिंग या वजनासाठी मऊ आहे.

या शेवटच्या प्रकाराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळे पैसे इथेच वाया जातात. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असं सर्वत्र मानलं जातं. तसं होत नाही. खाच स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवते, त्यामुळे गाडी वरच्या उंचीपासून बसायला सुरुवात करते, एवढंच. स्प्रिंग १० किलोला १० मिलीमीटर दबणारी असेल तर एकदा ती दबायला लागली की पहिल्या खाचेवरही पुढचे १० किलो तिला १० मिलीमीटर दाबतील आणि पाचव्यावरही तेवढंच. म्हणून खाचेनं हरवलेली उंची परत मिळते, पण ओझं पेलण्याची ताकद विकत मिळत नाही. वापरून दमलेली स्प्रिंग मुख्यतः लांबी हरवते, कडकपणा फारसा नाही. म्हणूनच दुसऱ्या प्रकारात खाच उपयोगी पडते आणि तिसऱ्यात पडत नाही.

माप घेतानाच आणखी एक गोष्ट करा. मागून सीट दाबून अगदी हळू सोडा आणि माप घ्या. मग मागची बाजू थोडी उचलून हळू सोडा आणि पुन्हा घ्या. दोन्हींत थोडा फरक येणारच. पण तो दहा मिलीमीटरच्या पुढे गेला तर कुठेतरी अडकतंय: बुश (सांध्यातली नळी) जाम आहे, शॉकअपचा रॉड वाकलेला आहे किंवा चिमटा मोकळा हलत नाही. अशा गाडीला खाच लावून उपयोग नाही, आधी अडकण सोडवा.

खाच कशी बदलायची

दोन शॉकअपवाल्या बहुतेक गाड्यांत पाच खाचांची रिंग असते. टूलकिटमध्ये हुकासारखा वाकडा पाना मिळतो तो याच कामाचा. छिन्नी-हातोडी किंवा पेचकस ठोकून रिंग फिरवू नका, तिच्या कडा तुटतात आणि मग ती कुठल्याच पान्याला दाद देत नाही. आधी रिंगभोवतीची माती ब्रशनं काढा, धुऊन वाळवा, दोन थेंब ऑइल सोडा. गाडी डबल स्टँडवर घ्या म्हणजे स्प्रिंगवर गाडीचा भार राहत नाही.

एका वेळी एकच खाच फिरवा आणि क्रमानंच जा. पहिलीवरून थेट पाचवीवर किंवा पाचवीवरून उलटं पहिलीवर उडी मारू नका. त्यानं शॉकअप खराब होऊ शकतो, म्हणून गाडीच्या पुस्तकातही तशी मनाई छापलेली असते. कुठल्या बाजूला फिरवल्यावर खाच वाढते याचा गोंधळ झाला तर स्प्रिंगकडे बघा. ती आणखी आवळली जाते ती दिशा वर चढण्याची.

दोन्ही बाजू एकाच खाचेवर. यात तडजोड नाही. डावा दुसरीवर आणि उजवा चौथीवर ठेवलेल्या गाड्या येतात, कारण एका बाजूची रिंग गंजून फिरत नव्हती. मग एक शॉकअप दोघांचं काम करतो, चिमट्याला पीळ बसतो, टायर एका बाजूनं झिजतो. रिंग फिरत नसेल तर दोन्ही बाजू जिथे आहेत तिथेच सारख्या ठेवा आणि आधी ती रिंग सोडवून घ्या.

प्रत्येक खाचेनंतर पुन्हा टेप लावा. रिकामी गाडी दहाएक मिलीमीटर बसेनाशी झाली की थांबा, त्यापुढची खाच रोजच्या वापराला नको. आठवड्यातून एकदाच मोठं ओझं नेत असाल तर त्या दिवसापुरती खाच वाढवा आणि परतल्यावर खाली आणा. दोन मिनिटांचं काम आहे.

तेल गळतंय म्हणून गाडी बसते का?

बहुतेक वेळा नाही. गाडीची उंची स्प्रिंग धरून ठेवते. आतल्या तेलाचं काम उसळी आवरण्याचं. त्यामुळे तेल गळलं तर गाडी डोलते, गतिरोधकानंतर दोन-तीनदा उसळते, पण उभी असताना तेवढीच उंच दिसते. तपासायला मागची सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदाच थांबली तर ठीक. झोक्यासारखी हलत राहिली तर तेल संपलं आहे. सील जवळ बोट फिरवा. कोरडी धूळ चालेल, ओली चिकट माती म्हणजे सील गेलं.

तेल गळणं आणि गाडी बसणं दोन्ही एकदम असतील तर शॉकअपचं वय झालं आहे. बदलायचे तर जोडीनंच. एक नवा आणि एक जुना म्हणजे पुन्हा तोच डावा-उजवा फरक. घेताना वरच्या-खालच्या डोळ्यांच्या (बोल्ट जातो त्या भोकांच्या) मध्यांमधलं अंतर जुन्याशी मोजून जुळवा. काउंटरवर सारखे दिसणारे शॉकअप लांबीला वेगळे निघतात आणि मग नवीन घालूनही गाडी एक तर बसते, नाहीतर फार चढते.

गॅस भरलेला शॉकअप, म्हणजे ज्याला बाजूला छोटी डबी असते किंवा ज्यावर नायट्रोजन लिहिलेलं असतं, तो घरी उघडू नका, तापवू नका, भोक पाडू नका. आत दाबाखालचा वायू असतो.

बुश आणि चिमटा

गाडी डबल स्टँडवर ठेवून मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खेळ जाणवला तर तो कुठून येतो ते बघा. चिमटा स्थिर आणि फक्त चाक हलतंय, तर चाकाचं बेअरिंग. चाकासोबत चिमटाही चासीपाशी हलतोय, तर चिमट्याचे बुश. हा फरक घरीच कळला तर नको ते बेअरिंग बदललं जात नाही. शॉकअपच्या वरच्या-खालच्या डोळ्यांतले रबरही बघा. फाटून एका बाजूला गेले असतील तर उंची थोडी जाते आणि खडखड आवाज येतो. ते रबर स्वस्त आहेत.

शॉकअप काढायचा तर एका वेळी एकच काढा. दोन्ही एकदम काढले तर चाकाला आधार नसतो आणि चिमटा खाली आदळतो.

उंची वाढवणारे जुगाड

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे गोळे अडकवणं आणि शॉकअपच्या खाली लोखंडी तुकडे जोडून तो लांब करणं हे दोन प्रकार आपल्या भागात जोरात आहेत. दोन्ही काढून टाका असं मी स्पष्ट सांगतो. रबरामुळे स्प्रिंगची काही वेटोळी दबतच नाहीत, सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर येतो आणि ती तिथे तुटते. लोखंडी तुकड्यानं चिमटा खाली झुकतो, चेन त्यावरच्या रबरी पट्टीला घासते, साइड स्टँड आखूड पडतं, आणि सगळं वजन एका छोट्या बोल्टवर येतं जो त्यासाठी बनलेला नाही. भरल्या गाडीत तो बोल्ट तुटला तर चाक वर मडगार्डमध्ये घुसतं.

उंची बदलल्यावर करायचंच

चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा. चेनचं पुढचं दातेरी चक्र, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. त्यामुळे रिकाम्या उभ्या गाडीत ठीक वाटणारी चेन ओझ्याखाली फार घट्ट होऊ शकते. साध्या गाड्यांना खालच्या बाजूला २० ते ३० मिलीमीटर ढील असते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात आहे. चेनसाठी चाक मागे-पुढे केलं तर मागच्या ब्रेकचा खेळही बदलतो, तो लगेच लावा.

मग हेडलाइट. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करा, रोजचा माणूस बसवा आणि झोत नीट लावून घ्या. मागची उंची बरोबर झाली असेल तर आधी कुणी वर-खाली करून ठेवलेला हेडलाइट आता चुकीचा असतो.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

शॉकअपच्या वरच्या बोल्टपाशी चासीच्या वेल्डिंगला बारीक चीर किंवा गंजाची लाल रेघ दिसली तर ओझं लादणं त्याच दिवशी बंद. रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेऊ नका. जोडाजवळचं लोखंड तापून कमजोर होतं आणि चीर शेजारून पुन्हा येते. चासीचं काम करणाऱ्या जाणकाराकडेच न्या.

गाडी पडली होती किंवा धडकली होती आणि त्यानंतर बसायला लागली, तर चिमटा किंवा रॉड वाकलेला असू शकतो. मागून बघितल्यावर चाक मडगार्डच्या मध्यावर नसेल, हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर टेप ठेवून द्या.

स्प्रिंग शॉकअपवरून उतरवायची असेल तर तीही घरी नको. ती दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते. दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय नट सोडला तर ती सुटून हाताला, तोंडाला लागते.

मधोमध एकच शॉकअप असलेल्या गाड्यांत खाच बदलण्यापुढे काहीही असेल तर गॅरेजच गाठा. तिथे शॉकअप चिमट्याशी काही गाड्यांत थेट जोडलेला असतो, काहींत जोडदांड्यांमधून. जोडदांड्यांच्या बेअरिंगांत आपली माती आणि पाणी गेलं की गाडी बसते आणि वरून शॉकअप निर्दोष दिसतो. ते उघडायला गाडी वरून टांगावी लागते आणि बोल्ट ठरलेल्या ताकदीनं आवळावे लागतात. न्याल तेव्हा तीन मापं आणि सध्याची खाच कागदावर लिहून द्या, आणि रोज किती ओझं जातं तेही खरं सांगा. त्यावरूनच मिस्त्रीला कळेल की स्प्रिंग बदलायची की जोडदांडे उघडायचे.